सत्तावीस खुर्च्यांच्या राज्याची तीन सुभ्यांत वाटणी जाहली, त्याचे वर्तमान

आकाश, पृथ्वी आणि आमचा गळका पत्रा ज्याच्या आधाराने उभा, तो प्रभू समर्थ. त्याचे स्मरण करून, आणि वडील मंडळींस जय ख्रिस्त करून, शके एकोणीसशे चाळीस, ईसवी सन दोन हजार अठरा, श्रावणमासी एका लहान राज्यात जे घडले ते यथास्थित लिहितो. राज्याचे नाव लिहू नये ऐशी राज्यातील बायांची सक्त ताकीद आहे, कारण पाहुण्यारावळ्यांत हसे होते. सबब नाव गाळिले. बाकी काही गाळिले नाही.

राज्य म्हणजे पत्र्याचे एक प्रार्थनामंदिर. पूर्वेस पिठाची गिरणी, पश्चिमेस एस.टी.चा थांबा, दक्षिणेस शेळ्यांचा बाजार आणि उत्तरेस कोणाचे तरी गवत, येणेप्रमाणे चतुःसीमा. गिरणी रविवारी चालू राहिली की उपदेशातील निम्मे शब्द पिठात जात, आणि उरलेले निम्मे पुष्कळ होत. प्रजा लेकराबाळांसह सत्तावीस जीव, आणि खुर्च्याही सत्तावीस. खुर्च्या लोखंडी, घडीच्या, आणि एकेका घराण्याने एकेक, दोन दोन अर्पण केलेल्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर घराण्यातील कोणा वडीलधाऱ्याचे नाव पांढऱ्या रंगाने घातलेले. त्यामुळे या राज्यात खुर्चीस खुर्ची म्हणण्याचा रिवाज नाही. 'रत्नाकर आजोबांचा पाय लचकला' म्हणजे साळव्यांच्या खुर्चीचा नट ढिला जाहला, आणि 'मार्थाआत्या पावसात राहिल्या' म्हणजे शिरसाठांची खुर्ची अंगणात विसरली, ऐसे समजावे. नवा माणूस हे ऐकून दचके. परंतु नवा माणूस येतच नसे, त्यामुळे अडचण जाहली नाही.

या सत्तावीस खुर्च्यांत एक खुर्ची येसुदास बुवा आढाव यांची. बुवा म्हणजे राज्याचा आवाज. त्यांनी चाल उचलावी आणि मग सर्वांनी मागून जावे, ऐसे चाळीस वर्षे चालले. आपले नाव त्यांनी खुर्चीवर जिवंतपणीच, उभे राहून रंगवून घेतले होते. म्हणत, "मागनं तुम्ही अक्षर वाईट काढाल." मागील साली बुवा प्रभूघरी गेले आणि चाल उचलण्याचा मान त्यांच्या पत्नी दीनाबाई यांजकडे आला. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, आवाज ऐसा की गिरणीचा पट्टा ऐकू येईनासा होई. दीनाबाई आपल्या जागी बसत, आणि शेजारची बुवांची खुर्ची रिकामी असे, आणि तिजवर त्या आपले चष्म्याचे घर ठेवीत. त्याविषयी कोणी बोलत नसे. खुर्च्या सत्तावीस असून एक रिकामी, तर सत्तावीसावा जीव कोठे, ऐसे वाचणारा पुसेल. तो गिदोन पारखे, दुचाकीच्या गॅरेजवाला. त्याचे घराणे उशिरा आले, त्याची खुर्ची नव्हती, आणि कपड्यांस ऑइलचे डाग. सबब तो बारा वर्षे दारात उभा राहून उपासना करी. बस म्हणता 'राहू द्या' म्हणे. 'राहू द्या' आणि 'आमेन' या दोन शब्दांपलीकडे त्याचा आवाज राज्याने ऐकला नव्हता.

राज्याचे पाळक शांतवनराव उजागरे. माणूस सालस, उमदा, अंमळ उत्साही. त्यांस दूरच्या थोर शहरातून शिबिराचे बोलावणे आले, आणि ते एस.टी.ने स्वार होऊन गेले. तेथील मंडळी म्हणजे साम्राज्यच. मंदिर इतके लांब की मागल्या रांगेस पाळक पडद्यावर पाहावा लागे, आणि गाड्या लावून देण्यास शिट्ट्या फुंकणारे सात जण, आणि चहा यंत्रातून. शांतवनरावांनी शेजारच्या गृहस्थांस नाव पुसले, आणि पलीकडे बसलेल्यांचेही पुसले. गृहस्थ म्हणाले, "त्यांचं नाही सांगता येणार. मी नवीनच आहे, सहाच वर्षं झाली." मग व्याख्याते उभे राहिले आणि म्हणाले की, या दुखण्यावर औषध एकच, छोटे गट. आठदहा जणांचा गट करावा, घरोघरी बसावे, प्रत्येकाने बोलावे, आणि प्रत्येक गटात एक खुर्ची सदैव रिकामी ठेवावी, ती येणाऱ्या नव्या माणसाची. हे ऐकून शांतवनरावांचे डोळे भरले. त्यांस दारातला गिदोन आठवला. हे त्यांच्या बाजूने लिहिणे अवश्य आहे, कारण पुढे त्यांची फजिती लिहावयाची आहे.

स्वारी परत आली ती निळी फाइल घेऊन. रविवारी उपासना आटोपताच मसलत बसली आणि शांतवनरावांनी सर्व योजना निवेदन केली. कारभारी विनायकराव भिंगारदिवे, निवृत्त मुख्याध्यापक, यांस याद्या करण्याचा भारी नाद. त्यांनी तेथेच खिशातून पट्टी काढून कागदावर रेघा मारावयास आरंभ केला. दीनाबाई तेवढ्या बोलल्या.

"साहेब, तिकडं माणसं एकमेकांना वळखत न्हाईत म्हणून गट केले. हितं साळव्याच्या सूनबाईचा मिसरीचा डबा कुठल्या फडताळात असतो ते मला ठावं हाय. अजून किती वळखायचं?"

सूनबाई लाजून लाल जाहल्या. शांतवनराव फाइलमध्ये पाहून म्हणाले, "आजी, ओळख वेगळी आणि सहभाग वेगळा." दीनाबाई म्हणाल्या, "बरं बाबा, तुम्ही शिकून आलात," आणि चष्मा घरात घातला. मग भिंगारदिव्यांनी सत्ताविसास तिनाने भागिले, आणि बाकी शून्य उरली हे पाहून हा प्रभूचाच संकेत ऐसे जाहीर केले. उत्तर सुभा साळव्यांच्या घरी, मधला सुभा खासा भिंगारदिव्यांच्या ओसरीवर, आणि दक्षिण सुभा पाळकांच्या घरी; दर बुधवारी सायंकाळी पाचास कूच.

आता घरोघरी नऊ नऊ खुर्च्या कोठून येणार? तेव्हा साळव्यांचा भाजीचा टेम्पो आणिला आणि मंदिरातील खुर्च्या नऊ नऊ करून तीन सुभ्यांत रवाना केल्या; रविवारच्या उपासनेस त्या परत आणाव्या ऐसे ठरले. भिंगारदिव्यांनी त्या संख्येने मोजिल्या, नावे वाचिली नाहीत, आणि तेथे घात जाहला. रत्नाकर साळवे मधल्या सुभ्यात गेले, आणि शिरसाठांच्या मार्थाआत्या उत्तरेस, जेथे त्यांचे हयातीत कधी पटले नव्हते. "आमच्या आजोबांवर कोण बसणार ते आधी सांगा," ऐसे म्हणून साळव्यांचा एलिशा टेम्पोसमोर आडवा उभा राहिला. त्यास समजावयास अर्धा तास आणि दोन कप चहा लागला.

मग पहिला बुधवार उजाडला. राज्यात पेटीवाला एक, तबलजी एक आणि चाल उचलणारी एक. त्यांचीही वाटणी आपोआप होऊन गेली. उत्तरेस एलिशाची पेटी, परंतु गळा कोणास नाही. तेथे पेटी एकटीच वाजली आणि बाकीचे तिच्याकडे पाहत बसले. मध्यास अविनाश शिरसाठ याचा तबला. गाणे कोणासच धरता येईना, तेव्हा त्यांनी केरव्याच्या ठेक्यावर प्रार्थना केली, आणि आजाऱ्यांसाठी विनवणी करतानाही मंडळींचे पाय हलत राहिले. दक्षिणेस दीनाबाईंचा आवाज, परंतु पाळकांची बैठक इतकी लहान की भिंतीवरील कॅलेंडर हलले. खुर्च्यांचा पेच याहून थोर. माणसे नऊ, खुर्च्या नऊ, आणि एक रिकामी ठेवण्याचा हुकूम. सबब नव्या माणसास जागा असावी म्हणून जुन्या माणसाने उभे राहावे ऐसे ठरले. साळव्यांच्या घरी पाळीपाळीने उभे राहत, आणि गुडघेदुखीच्या मावशींचीही पाळी चुकली नाही. दक्षिणेस मात्र गिदोन आपणच दारात उभा, त्यामुळे तेथे योजना अगदी फाइलप्रमाणे चालली. त्या दिवशी रिकाम्या खुर्चीचा लाभ एकाच जीवाने घेतला, तो म्हणजे साळव्यांचे मांजर. उत्तर सुभ्याने कळविले आणि भिंगारदिव्यांनी 'नवागत, एक' ऐशी नोंद केली. मांजर होते हे त्यांस मागाहून समजले, परंतु नोंद खोडली नाही.

येथवर सर्व हसण्यावारी चालले होते. पुढील मजकूर लिहिताना हात जड होतो. मधल्या सुभ्यात रिकामी कोणती ठेवावी ऐसा प्रश्न पडला, तेव्हा भिंगारदिवे म्हणाले, "ही ठेवा. ही रिकामीच असते." ती बुवांची. दुष्टावा त्यांच्या मनी तिळमात्र नव्हता. बुवा गेले तेव्हा हाच गृहस्थ तीन दिवस जेवला नव्हता. परंतु हाती यादी आली की माणसास यादीच दिसते. त्यांनी एक गुलाबी कागद घेतला, त्यावर सुवाच्य अक्षरात 'आपले स्वागत आहे' ऐसे लिहिले, आणि तो भक्कम डिंकाने खुर्चीच्या पाठीवर डकविला, बरोबर नावावर. आणि योजना पसंत पडून त्यांनी रविवारीही ती खुर्ची दारापाशी मांडिली, की येणाऱ्याच्या प्रथम दृष्टीस पडावी.

रविवारी दीनाबाई आल्या. आपल्या जागी बसल्या आणि चष्म्याचे घर ठेवावयास हात बाजूस नेला, तो शेजारी जागा मोकळी. त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि मग दारापाशी ती गुलाबी कागदाची खुर्ची पाहिली. पहिले गीत जाहले नव्हते. त्या उठल्या, "डोकं दुखतंय," ऐसे शेजारणीस म्हणाल्या, आणि चष्म्याचे घर मुठीत धरून घरी गेल्या. त्यानंतर तीन रविवार आणि तीन बुधवार दीनाबाई आल्या नाहीत.

राज्य मुके जाहले. एलिशाने चाल उचलावयाचे धाडस केले, आणि इतका वर चढला की पुरुष पहिल्या ओळीतच मागे राहिले आणि बाया दुसऱ्या कडव्यात पडल्या. गिरणीवाला भिंतीवरून डोकावून पुसू लागला, "म्हातारीचं गाणं बंद का केलं? आम्ही त्याच्यावर दळण उरकायचो." बुधवारी तर कोणास पत्ताच नसे. उत्तरेस वाटे आजी मध्यास असतील, मध्यास वाटे दक्षिणेस. जो तो कारण वेगळे काढी. साळव्यांची सूनबाई म्हणे मिसरीवरून आपण फुगलो त्याचे त्यांस वाईट वाटले. भिंगारदिवे म्हणत त्यांचे नाव यादीत आडनावाच्या क्रमाने पहिले यावयास हवे होते. शांतवनराव दोन वेळा त्यांच्या घरी गेले. दीनाबाईंनी चहा दिला, तब्येत बरी आहे म्हणाल्या, आणि विषय शेळ्यांच्या भावावर नेला. पाळकबाईंस रात्री ते म्हणाले, "मी एक माणूस जोडायला निघालो आणि एक घालवून बसलो." बाईंसही तसेच वाटत होते.

मग चौथा बुधवार. दक्षिण सुभ्यात फाइलप्रमाणे प्रत्येकाने पाळीने बोलावयाचे होते. आठ माणसांत पाळी लवकर येते, आणि 'आमेन' म्हणून सुटता येत नाही. हे गटांचे यश आहे आणि ते लपविणे बखरकारास शोभत नाही. पाळी गिदोनाची आली.  गिदोनाने हात पँटीस पुसले.

"साहेब, मला काय बोलता येत न्हाई. पण आजीचं मला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे, गिदोन?"

"तुम्ही सगळे पुढं तोंड करून बसता. उठून जाणाऱ्याचं तोंड दारातल्यालाच दिसतं. आजी माझ्या अंगावरून गेल्या. डोकं दुखणाऱ्या माणसाचं तोंड तसं नसतं. त्यांनी जाताना त्या खुर्चीवरच्या कागदावर हात फिरवला, साहेब. खालचं नाव हाताला लागतंय का बघत हुत्या."

 मग शांतवनरावांनी निळी फाइल मिटली, आणि त्यांच्या डोळ्यांतून जे वाहिले ते त्यांनी पुसले नाही. "बारा वर्षं तू दारात उभा," ते म्हणाले, "आणि मी पुढून तुला आमेन म्हणताना बघत होतो." त्याच क्षणी तिन्ही सुभ्यांस हुकूम सुटला की, येत्या शनिवारी दुपारी चारास सर्वांनी, खुर्च्यांसह, दीनाबाईंच्या अंगणावर चालून यावे. भिंगारदिव्यांस हकीकत कळली तेव्हा ते ओसरीवर मटकन बसले, आणि म्हणाले, "अहो, मी नाव वाचलंच नाही," आणि तेच चार वेळा म्हणाले.

खुर्ची गिदोनाने गॅरेजात नेली. कागद पेट्रोलने भिजवून काढिला, परंतु डिंक ऐसा भक्कम की नावाचा रंगही त्याबरोबर निघोन गेला. गिदोन दुचाकींच्या नंबरपाट्या रंगवी. त्याने एक आख्खा दिवस गिऱ्हाईक घेतले नाही, पट्टी लावून रेघा आखिल्या आणि नाव नव्याने घातले. परंतु हातास वळण पाट्यांचे, सबब अक्षर जाड, सरळ, काठास पिवळी रेघ, जणू खुर्चीस पासिंग मिळाले आहे.

शनिवारी टेम्पो निघाला. मागे पेटी, तबला, आणि पायी सर्व राज्य. दीनाबाई अंगणात तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी मान वर केली, सव्वीस माणसे पाहिली, आणि म्हणाल्या, "अगो बाई! एवढ्यांना चहा पुरायचा न्हाई."

"दूध आणलंय आजी," पाळकबाई म्हणाल्या.

मग भिंगारदिवे पुढे जाहले. गृहस्थाने चाळीस वर्षे पोरांस क्षमा मागावयास लाविले, परंतु आपणास मागता येईना. हात जोडून उभे राहिले आणि ओठ नुसते हलले. दीनाबाई म्हणाल्या, "राहू द्या गुरुजी. बुवा गेले तवा तुमच्या बायकूनं तुमच्यासाठी माझ्याकडनं भाकर न्हेली हुती, की तिच्या हातचं तुम्ही खाईनात म्हणून. मला काय म्हायीत न्हाई व्हय?" यावर भिंगारदिवे जे रडले ते लिहीत नाही, त्यांनी लिहू नये म्हणून विनंती केली आहे.

मग गिदोनाने टेम्पोतून खुर्ची उतरविली आणि दीनाबाईंच्या शेजारी मांडिली. दीनाबाईंनी चष्मा लाविला. अक्षर पाहिले. पुन्हा जवळ जाऊन पाहिले, आणि पिवळ्या रेघेवरून बोट फिरविले. 

"चांगलं काढलंय," त्या म्हणाल्या. "त्यांना उगीच काळजी हुती."

अंगणात सर्वांनी आपापल्या वडिलांच्या खुर्च्या शोधिल्या. रत्नाकर आजोबा साळव्यांकडे परत आले, मार्थाआत्या शिरसाठांकडे आल्या, आणि सव्वीसांतले पंचवीस बसले. गिदोन अंगणाच्या फाटकात जाऊन उभा राहिला. दीनाबाई चाल उचलावयास तोंड उघडीत होत्या, त्या थांबल्या.

"गिदोन, हितं ये. बस."

"राहू द्या आजी. कपडे..."

"बुवांच्या सायकलीची चेन रोज पडायची. त्यांचा पायजमा मीच धूत हुते. तेलाचं मला सांगतोस व्हय? बस म्हणते ना."

गिदोनाने पाळकांकडे पाहिले, आणि पाळकांनी खाली पाहिले, कारण या राज्यात हुकूम कोणाचा ते त्यांस आता उमगले होते. गिदोन आला आणि बुवांच्या खुर्चीवर बसला, काठावर, अगदी अवघडून. दीनाबाईंच्या हातात चष्म्याचे घर होते, आणि ते ठेवावयास आता जागा नव्हती. त्यांनी ते गिदोनाच्या हातात दिले. "सांभाळ," म्हणाल्या, आणि चाल उचलिली. पेटी मागून आली आणि तबला आला आणि मग सर्व राज्य आले, आणि गिरणीवाल्याने दूर तिकडे पट्टा थांबवून ऐकिले ऐसे त्याची बायको सांगते.

तात्पर्य येणेप्रमाणे. तीन सुभे मोडिले. थोर शहरास अहवाल गेला की, गट एकूण एक, माणसे सत्तावीस, बुधवारी दीनाबाईंच्या अंगणात बसतो, आणि प्रत्येकाची पाळी येते, वेळ कितीही लागो. दीनाबाईंनी मात्र फाइलमधील एक कलम राखावयास लाविले. म्हणाल्या, "रिकामी खुर्ची पाहिजेच, ती गोष्ट खरी हाय." त्यावर गिदोनाने पारखे घराण्याची म्हणून अठ्ठाविसावी खुर्ची अर्पण केली. पाठीवर नाव घातले नाही. रंगाचा डबा आणि बारीक ब्रश खाली बांधून ठेविला आहे, की जो येईल त्याचे घालावे. ती खुर्ची कोठे मांडावी यावर मसलत बसली नाही, यादी जाहली नाही. गिदोनाने आपणच ती नेली आणि दारात ठेविली, जेथे तो बारा वर्षे उभा होता तेथे.